रंकाळ्याची बारकी मासळी

आमचं घर माळकरी. वडिलांच्या गळ्यात तुळशीची माळ, त्यामुळे घरात मांस-मासळीचं नाव नाही. माझ्या गळ्यात माळ नव्हती, पण जी वस्तू घरात कधी शिजलीच नाही तिची सवय लागणार कुठून. बायको मात्र नेसरीकडची. तिच्या माहेरच्या परसामागून ओढा वाहायचा आणि ओढ्यातली मासळी चुलीवर यायची. लग्न होऊन कोल्हापुरात आली आणि तिनं मासळी सोडली. अकरा वर्षांत एकदाही तो विषय काढला नाही, आणि मीही विचारलं नाही. न विचारण्यात माझा हात कोणी धरला नसता.

बाराव्या वर्षी तिला पोटाचं दुखणं लागलं. सत्तरच्या दशकातली गोष्ट. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावलं आणि म्हणाले, जे मागतील ते खायला द्या. मी गणिताचा मास्तर, पण त्याचा अर्थ कळायला गणित लागत नव्हतं. पंचाईत अशी, की ती काही मागतच नव्हती. दोन घोट ताक, चार घास मऊ भात, की ताट बाजूला. दिवसेंदिवस तिची मनगटं बारीक होत चालली आणि बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या. तिनं काहीतरी खावं, एवढंच मला हवं होतं.

एका दुपारी ती म्हणाली, "तळ्यातली बारकी मासळी मिळाली तर खाईन म्हणते. चिंच घालून. बाजारातली नको, तिला बर्फाचा वास येतो."

मी वडिलांना सांगितलं. ते सोप्यात बसले होते. गळ्यातली माळ बोटांनी चाचपली.

"परसात कर. भांडं येगळं घे," ते म्हणाले. थोडं थांबून म्हणाले, "पण कर."

रंकाळा तळ्याच्या पश्चिमेला, जिथं पाण्यावर पसरणारं केंदाळ कमी असायचं, तिथं एक म्हातारा रोज सकाळी गळ टाकून बसायचा. मिलमधून सुटलेला माणूस. मी जाऊन उभा राहिलो तेव्हा त्यानं मान वळवली नाही.

"काय पावणं, मासं बघाय आलाय व्हय?"

"विकत द्याल का?"

"विकाय न्हाय बसलो मी. रविवारी या, शिकवतो."

त्यानंच मला काठी करून दिली. करंगळीएवढ्या कळकाची, हलकी, टोकाला लवणारी. तिला वावभर तंगूसाचा दोरा, तांदळाच्या दाण्याएवढा गळ, आणि पाण्यावर तरंगायला मोरपिसाचा देठ. गांडूळ टोचायचं माझ्या जिवावर आलं, म्हणून भाकरीचा तुकडा मळून लावायचो. समोर एवढं थोरलं तळं, पलीकडं म्हशी धुतल्या जातायत, धुणं आपटलं जातंय, आणि मी त्या बोटभर देठाकडे डोळे लावून बसलेला. पहिल्या रविवारी मी जोरात हिसका मारला आणि मासा सुटला.

"हिसकू नगा मास्तर. बारक्या तोंडाचा मासा हाय, फाटतंय. नुसतं मनगाट उचला."

दुसऱ्या रविवारी पाच चिलापी मिळाल्या, तळहाताएवढ्या. पिशवीत त्या फडफडत होत्या. म्हाताऱ्यानं पिशवीत डोकावून विचारलं, "करणारं हाय न्हवं घरात कोण?"

"आहे की," मी म्हणालो.

का म्हणालो, ते मी नंतर स्वतःला पुष्कळ विचारलं. शाळेत दिवसभर पोरांना 'येत नसेल तर विचारा' म्हणणारा मी. पस्तिशीच्या माणसानं मासा कसा करतात हे विचारायचं, याची मला लाज वाटली, दुसरं काही नाही.

परसात तीन दगड मांडले, जर्मनचं पातेलं वेगळं काढलं. ती आतून खाटेवरनं सांगत होती. चटणी दोन चमचे, चिंचेचा कोळ घट्ट, मीठ शेवटी. खवले विळीवर खरवडायचे हेही सांगितलं. मी खरवडले, डोकी उडवली आणि पोटातनं विळी घालून प्रत्येकाचे दोन तुकडे केले. आत काय असतं ते बघायची छाती नव्हती. डोळे बारीक करून पाण्यानं खळखळून धुतलं आणि पातेल्यात टाकलं. चव बघायचा प्रश्नच नव्हता.

ताट नेऊन ठेवलं तेव्हा माझ्या कोपराला एक खवला चिकटलेला होता. तिनं तो नखानं काढला आणि हसली. "गणिताच्या मास्तरानं मासं धरलं. शाळेत कळलं तर पोरं वर्गात बसतील का?"

मग तिनं पहिला घास घेतला. घास तोंडात तसाच थांबला. माझ्याकडे बघितलं, आणि गिळला.

"कसं झालंय?"

"झालंय की चांगलं," ती म्हणाली, आणि सगळं संपवलं. कित्येक आठवड्यांनी तिचं ताट रिकामं झालेलं मी बघत होतो. भांडी घासताना मला रडू आलं. आनंदानंच आलं.

त्यानंतर सात रविवार मी तळ्यावर गेलो. सातही रविवार तिनं खाल्लं. शेवटी शेवटी दोनच तुकडे, पण खाल्ले. आठव्या रविवारी मी गेलो नाही, कारण ती शुक्रवारीच गेली होती.

वर्षश्राद्ध झाल्यावर तिची दोन चांगली लुगडी द्यायला मी नेसरीला गेलो. सासूबाई परसात दगडावर मासळी साफ करत बसल्या होत्या. त्यांच्याकडं मी जायचो तेव्हा माझ्यासाठी वेगळी आमटी व्हायची, तशी त्या दिवशीही चुलीवर होती. मी शेजारी पाटावर बसलो. त्यांनी माशाचं पोट फाडलं, दोन बोटं आत घातली आणि वाटाण्याएवढी एक हिरवी पिशवी अलगद काढून लांब टाकली. पुढच्या माशाचं तसंच.

"ते काय?"

"पित्त. ते फुटलं की आख्खं कालवण कडूजार हुतंय. कुत्रं बी तोंड लावत न्हाय." त्यांनी हात पुसले नाहीत, नुसते थांबवले. "शेवटाला मी आलते न्हवं तिला बघाय, तवा म्हणली, अव्वा, मला आता मासळी बी कडू लागतीया. तोंडच मेलं माजं. तवाच मी वळाकलं पावणं, पोरगी काय राहत न्हाय."

 ती बिचारी मी रागवेन म्हणून गप्प राहिली नव्हती, माझं मन राखायला म्हणूनही नव्हती. मासा साफ करायचंही मी म्हाताऱ्याकडून शिकून आलो असेन, असंच तिनं धरलं असणार; माझ्यावर तिचा इतका विश्वास होता, की दोष कालवणात असेल हे तिच्या मनातही आलं नाही. आपली जीभच संपली, असं समजून ती ते कडू घास गिळत राहिली. मी मात्र रिकामं ताट बघून दर रविवारी खूश.

सांगू की नको, असं मनात आलं. मग सांगितलं. "मी ते काढत नव्हतो. ते असतं, हेच मला माहीत नव्हतं."

सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं नाही. उरलेले तीन-चार मासे त्यांनी साफ केले, धुतले, हळद-मीठ लावलं. मला वाटलं, आता या माझ्याशी कधी बोलणार नाहीत.

"म्हंजी जीभ शेवटपतूर नीट हुती तिची," त्या म्हणाल्या.

दुपारी त्यांनी माझ्यासाठीची आमटी पुढं केली. मी मासळी वाढा म्हणालो. आयुष्यात पहिल्यांदा खाल्ली. चिंचेनं आंबट झालेली, आत थोडी गोडसर. तिनं माझ्याकडे मागितली होती ती हीच.