मंदाची शेळी

हे मी कुणाजवळच बोलले नाही. नवऱ्याजवळ नाही, लेकींजवळ नाही, देवीपुढंसुद्धा नाही. तुम्ही माझे कोण? कुणी नाही. म्हणून सांगते.

परंड्याजवळच्या आमच्या गावात लग्न निघालं की दाराशेजारी कळस आणि पोपट काढायला मलाच बोलावत. गेरू भिजवायचा, चुना कालवायचा, काडीला कापूस गुंडाळायचा — चाळीस वर्षं हे काम माझं. धाकटी जाऊ मंदा चुन्याची वाटी धरायची. तिला चित्र येतं का, हे मी कधी विचारलं नाही. कशाला विचारू?

आठ वर्षांपूर्वी अंगणवाडीच्या बाईंनी धाराशिवहून रंगाच्या ट्यूबांचे दोन खोके आणले. अ‍ॅक्रिलिक म्हणतात त्याला. एक मला, एक मंदाला. आधी पुठ्ठ्यावर हात बसवा, मग अंगणवाडीची भिंत रंगवू, म्हणाल्या.

मी पोपट काढला. मंदानं शेळी काढली — आमचीच, फाटक्या कानाची, पोतं खाणारी. बाया बघायला आल्या आणि हसत सुटल्या. "सरका गं, लुगडं खाईल ही माझं," एकजण म्हणाली. माझ्या पोपटाला म्हणाल्या, छान हाय. इतक्या वर्षांत माझ्या पोपटापुढं कुणी असं हसलं होतं का? भिंत मंदाला मिळाली. बाई मला म्हणाल्या, "मावशी, तुम्ही किनार काढा."

किनार.

आता खरं ते सांगते. त्याआधीच माझ्या हातून एक ताटलीभर रंगाची नासाडी झाली होती. गेरू वाळला तरी पाणी घातलं की परत भिजतो. मला वाटलं, हाही तसाच. दुसऱ्या दिवशी बघते तर रंगाची साल झालेली. गार पाणी घातलं, कढत घातलं — काही नाही. ती ताटली मी उकिरड्यात पुरली आणि गप्प बसले. म्हणजे मला माहीत होतं. पक्कं माहीत होतं.

भिंत रंगवायला अजून दोन दिवस होते. उन्हाळा रणरणत होता. मंदा ताटली घेऊन आली. शेळीचा तांबूस रंग तिला नेमका जमला होता. "आक्का, उरलेला परत ट्यूबात तर जात न्हाय. काय करू?"

"राहू दे तसाच," मी म्हणाले. "गेरूवाणीच हाय. पाणी घातलं की भिजतंय. बाकीच्या ट्यूबाबी आजच पिळून ठेव, भिंत मोठी हाय. ब्रश त्यातच राहू दे."

"बरं झालं तुम्हाला इचारलं," ती म्हणाली.

भिंतीच्या दिवशी लेकरं मांडी घालून पुढं बसलेली. मंदानं ब्रश उचलला, तर खाली चिकटलेली ताटलीही वर आली. तिनं पाणी ओतलं, बोटानं घासलं, नखानं खरवडलं. मग बाईंना म्हणाली, "आक्कांना गेरूचंच ठाऊक, त्यांनी तसं सांगितलं. मला कळाय पायजे होतं. ह्ये माझं काम न्हाय."

मी घरी जाऊन माझा खोका आणला. त्यातल्या ट्यूबांची टोपणं घट्ट लावलेली होती. हे तिला दिसलं का? दिसलं असेल. मी भिंतभर पोपट काढले — आणि काढताना मला बरं वाटत होतं. लाज? त्या दिवशी नाही.

मंदानं पुन्हा ब्रश धरला नाही. गेल्या दिवाळीत बाईंनी नवा खोका तिच्यापुढं केला. तिनं माझ्याकडं बघितलं. घे — एवढंच म्हणायचं होतं मला. जीभ उचलली नाही. जड नव्हती, नुसती उचलली नाही.

तिनं तो खोका माझ्या हातात दिला. मी घेतला.