कारण: उत्पन्न

घणसोली गावात पुतळाबाईंचं घर तीन मजली आहे. खालचे दोन मजले भाड्याने दिलेत, त्यातला एक माझ्याकडे आहे; म्हणजे पैशाला त्या अडलेल्या नाहीत. तळवलीची भातशेती शहरासाठी गेली तेव्हा नवऱ्याने पेणजवळ बाईंच्या नावावर दोन एकर घेतली. नवरा गेला, तरी दर पावसाळ्यात बाई तिथे लावणीला जातात. मुलगा हितेश त्या जमिनीला 'फार्महाऊसचा प्लॉट' म्हणतो.

दोन वर्षांपूर्वी एका कंपनीचा अश्विन घरी आला. मातीत कार्बन साठवायचा, त्याचे पैसे कंपनी देणार, करार वीस वर्षांचा, आणि राब भाजायचा नाही. रोपं टाकायच्या जागेवर पाला, शेण पसरून उन्हाळ्यात जाळायचं, हे तर पुतळाबाई लग्न झाल्यापासून करत होत्या. तरी तिथल्या सगळ्या शेतकऱ्यांआधी सही त्यांनीच केली.

"मावशी, सहभागी का होताय?" अश्विनने टॅब काढून विचारलं.

"वीस वर्सं माज्या पोराला जमीन इकता येऊ नये म्हनून. लिव."

तो हसला. त्याने 'उत्पन्न'वर खूण केली.

आयुष्यभर शाळेत मी मुलांची उत्तरं तपासली. इतकं साफ उत्तर माझ्यासमोर इतक्या निर्लज्जपणे पुसलेलं कधी पाहिलं नाही.

दोन वर्षं राब पेटला नाही. तण माजलं, रोपं विरळ आली. बाई मुकाट्याने तण उपटत राहिल्या. या एप्रिलमध्ये हितेशने गिऱ्हाईक आणलं.

"करार हाय," त्या म्हणाल्या.

"आये, तो शेती कशी करायची त्याचा. विकायला कोण अडवतंय? आज नाही, तर तुझ्या मागे विकेन."

त्यांनी अश्विनला घरी बोलावलं.

"विकता येते, मावशी. फक्त आम्हाला कळवायचं."

"मी कारन सांगितलं व्हतं का नाय?"

"फॉर्ममध्ये तो ऑप्शनच नव्हता."

"मग तवाच सांगाचं! मासलीवाली पन सांगते, आज बोंबील नाय. तू शिकलेला, तुला तोंड नाय?"

अश्विन टॅबवर फॉर्म शोधायला लागला. "निघ," त्या म्हणाल्या.

त्याच आठवड्यात त्यांनी शेतात राब पेटवला. दुसऱ्या दिवशी मुलगी प्रियाला घेऊन रजिस्ट्रारच्या कचेरीत गेल्या आणि दोन्ही एकर तिच्या नावे बक्षीस करून दिले. लावणीला त्यांच्याबरोबर तीच एकटी येते.

बाहेर आल्यावर प्रिया घाबरत म्हणाली, "आय, उद्या मीच विकली तर?"

"इक. मी बगाला नसेन." त्यांचा आवाज अजून चढलेलाच होता. "पन तू चिखलात उतरतेस. तेवरंच बगून दिली."