केज ते दिल्ली, पुणे विमानतळमार्गे

केजला माझं तिकीट बुकिंगचं दुकान आहे. पंधरा वर्षं झाली. किस्से मुद्दाम गोळा करावे लागत नाहीत. काउंटरवरच्या धुळीसारखे साचत जातात. आता तर झटकायचाही कंटाळा येतो.

सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच. "पुण्याहून दिल्ली किती वेळ?" मी स्क्रीनकडं न बघताच सांगतो, "दोन तास दहा मिनिटं." आणि मग भोगतो!

*

चौसाळ्याचे एक रिटायर्ड गुरुजी. वेळ ऐकून खूश झाले.

"आन् आपल्या इथून पुण्याचं विमानतळ?"

"सात तास धरा, गुरुजी. वर दोन तास आधी पोचायचं."

गुरुजींनी चष्मा काढून पुसला. "मंजी दिल्ली जवळच हाय की हो. लांब हाय ते पुणं!"

*

चकलांब्याचे भिवामामा मेंढरं राखतात. पोरगा फौजेत, जम्मूला. तिकीट काढायचंच नव्हतं, फक्त किती लांब ते बघायचं होतं. मी नकाशावर विमानाची सरळ रेघ दाखवली.

"मेंढरं घेऊन निघालो तर किती दिस?"

"मामा, हा विमानाचा रस्ता आहे!"

"आसंना का. मदी पानी कुटं कुटं हाय, तेवढं दाव."

गिऱ्हाईक खोळंबलं होतं. मी नद्या दाखवत बसलो. करतो काय!

*

एका पुढाऱ्याला पक्षाच्या मीटिंगला दिल्लीला जायचं होतं. विमानाच्या तीन तास आधी फोन आला, "विमान जरा थांबवायला लाव. वाटंत सत्कार लई झाले, मी अजून हितंच, मांजरसुंब्यातच हाय!"

"साहेब, ते विमान आहे. कोण थांबवणार?"

"पंधरा वर्सं तिकिटं इकतोस, तिथं तुज्या वळकीचं कुनीच न्हाई का बे?"

*

आमच्या गल्लीतल्या शांतामावशींच्या लेकीनं मनानं लग्न केलं आणि दिल्लीला गेली. मायलेकींचं आठ वर्षं बोलणं नाही. एक दिवस जावयाचा फोन आला, मुलगी झालीय, या. मावशी तशाच दुकानात आल्या. मी घाईनं विमान बघितलं.

"मावशी, पुण्यातून बसलात की दोन तासांत लेकीजवळ!"

त्या काउंटरला टेकल्या. मग हळूच म्हणाल्या, "दोनच तास? आठ वर्सं बोलले न्हाई रे. तोंड उघडून काय म्हणू, ते दोन तासांत कसं सुचंल? हळू जाणारं काय न्हाई का?"

मी रेल्वेचं तिकीट काढून दिलं. एक अख्खा दिवस आणि रात्र.

महिन्यानं परत आल्या, हातात पेढे.

"मग, सुचलं का काय बोलायचं?"

"कशाचं! बोलायला तिनं येळच दिला न्हाई. टेसनातच गळ्यात पडली आन् भांडायला लागली. 'इमान असताना रेल्वेनं कावून आलीस? एक दिस आदी दिसली असतीस की!'"