कोरी चिप

"कोरी चिप घेऊन काय करणार गं तू? सुकटीत घालणार?"

सर असं म्हणाले आणि सगळा क्लास खिदळला. मी हात पुढे करून उभी होते. खिडकीकडच्या टेबलावरची एक पोरगी तर हसता हसता नाकाला रुमाल लावून बसली. अंघोळ करून, पावडर थापून, धुतलेला ड्रेस घालून आले होते मी. पण पाचूबंदरची पोरगी म्हटल्यावर यांना वास येणारच. नसला तरी येणार.

दोन हजार साल नुकतंच उलटलं होतं. वसई स्टेशनजवळ एका दुकानाच्या माळ्यावर हा क्लास चालायचा. मायक्रोकंट्रोलर शिकवायचे. म्हणजे बोटभर लांबीची काळी चिप, दोन्ही बाजूंना बारीक पाय. कॉम्प्युटरवर प्रोग्रॅम लिहायचा, तो चिपमध्ये भरायचा, मग ती सांगाल तसं करते. दिवा लावते, मोटर फिरवते. जिच्यात अजून काहीच भरलेलं नाही ती कोरी. मला ती एकदा हवी होती. माझा स्वतःचा प्रोग्रॅम तिच्यात भरून बघायचा होता. एवढंच मागणं.

क्लासमध्ये दोन टेबलं. पुढचं, खिडकीकडचं, कॉम्प्युटरचं. तिथे बिल्डिंगीतली, इंग्रजी शाळेतली मुलं. मागचं सोल्डरिंगचं, म्हणजे वितळलेल्या कथलाचे टाके मारून बोर्डावर सुटे भाग जोडायचं. तिथे मी, मिठागराच्या गावातली संगीता आणि आमच्यासारख्याच मराठी शाळेतल्या दोघी-तिघी. फी सगळ्यांची सारखीच होती बरं का! पहिल्याच दिवशी सरांनी माझ्या हातांकडे बघितलं आणि म्हणाले, "तुम्हा लोकांचे हात छान चालतात. जाळी विणायची सवय ना." अहो, मी जन्मात जाळं विणलेलं नव्हतं. ते बाबाचं काम. पण सरांनी ठरवून टाकलं होतं.

मग आम्ही सोल्डर करायचो. ट्रॅफिक सिग्नलचं किट, पाण्याच्या टाकीचं किट. डोळ्यांत राळेचा धूर, बोटांना चटके. तयार बोर्ड पुढच्या टेबलावर जायचे. तिथली मुलं त्यात आपली चिप बसवायची आणि "माय प्रोजेक्ट" म्हणून घरी न्यायची. उरलेले बोर्ड सर कॉलेजच्या पोरांना विकायचे. कॉम्प्युटरवर कधी बसवणार विचारलं, की "आधी बेसिक पक्कं करा." आमचं बेसिक काही पक्कं होईना. बोर्ड मात्र ढिगाने होत होते.

संगीताने एकदा धीर करून विचारलं, "सर, त्या पान्याच्या टाकीचा प्रोग्रॅम दाखवा ना." पुढचं टेबल एका सुरात ओरडलं, "पान्याच्या!" सर म्हणाले, "आधी नीट बोलायला शिक, मग प्रोग्रॅम." त्यानंतर संगीताने क्लासमध्ये तोंड उघडलं नाही. कितीतरी दिवस ती मान खाली घालून टाके मारत बसायची.

मी ऐकून घेत होते त्याला कारण होतं. सरांची बायको माझ्या आयची गिऱ्हाईक. आय मासळीची टोपली घेऊन त्यांच्या बिल्डिंगीत जायची. तिनेच शब्द टाकून मला इथे घातलं होतं. इथे शिकले नाही तर पुढे काय, तेही दिसत होतं. टोपली. टोपलीची लाज नाही मला. पण ती मी घेतलेली असली पाहिजे. माझ्या हातांकडे बघून कुणी डोक्यावर ठेवलेली नको.

मग सरांनी प्रदर्शन भरवलं. शाळेचा हॉल, फुलांच्या माळा, पालक मंडळी. पुढच्या टेबलाची मुलं टाय लावून आपापल्या किटमागे उभी. आम्हाला काय काम? पाहुण्यांना पाणी द्या. मी ट्रे घेऊन फिरत होते आणि प्रत्येक टेबलावर माझा बोर्ड दिसत होता. एका मोठ्या कंपनीतले साहेब पाहुणे म्हणून आले होते. त्यांनी सिग्नलचं किट उलटं करून बघितलं.

"सोल्डरिंग कोणी केलं? सुरेख आहे."

सरांनी मला दंडाला धरून पुढे ओढलं. "ही आमची पाचूबंदरची मुलगी. कोळ्यांची. हाताला फार चांगली."

साहेबांनी मला विचारलं, "आणि प्रोग्रॅम कुठला लिहिलास?"

मी बोलायच्या आत सर हसले. "छे छे! ते यांचं काम नाही."

यांचं काम नाही.

माझं डोकं फिरलं. ट्रे टेबलावर आपटला. ग्लास लवंडले, सरांची पँट भिजली. मी ओरडलेच, "माझं काम नाही कसं? फी भरलीय मी! हे सगळे बोर्ड आम्ही केलेत. कॉम्प्युटरला हात लावू दिला नाही कधी. कोरी चिप मागितली तर म्हणाले, सुकटीत घालणार का. विचारा त्यांना!"

साहेबांनी घड्याळात बघितलं आणि पुढच्या किटकडे सरकले. रुमालवाली पोरगी पुन्हा हसली. सर दातओठ खात म्हणाले, "उपकाराची जाण नाही तुम्हा लोकांना. उद्या आईला पाठव."

"आय येणार नाही. मीपण येणार नाही."

संगीताला म्हटलं, चल. ती जमिनीकडे बघत पुटपुटली, "फी भरलीय गो." तिचा राग नाही आला मला. एकटीच निघाले.

घरी आय मासळी साफ करत बसली होती. सगळं सांगितलं. वाटलं, आता बोलणी खावी लागणार. ती म्हणाली, "सुकटीत घालनार, असा बोलला तो?"

"हो."

"बरा."

दुसऱ्या दिवशी सरांच्या बायकोने दार उघडून हाक मारली, तर तिने टोपलीवरचं फडकंसुद्धा उचललं नाही. "तुमच्यासाठी म्हावरा नाय," म्हणाली आणि जिना उतरली. चांगलं गिऱ्हाईक गेलं. पुढे बरेच दिवस घरात ओढाताण झाली, पण तिने एकदाही मला ऐकवलं नाही.

मुंबईत ग्रँट रोडच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात जाऊन मी चिपमध्ये प्रोग्रॅम भरायचं स्वस्तातलं किट आणि कोरी चिप आणली. आमच्या चर्चच्या ऑफिसातल्या जुन्या कॉम्प्युटरवर फादर मला दुपारी बसू द्यायचे. किटसोबतचं पुस्तक बघून चुकत, पुसत, परत लिहीत राहिले. शेवटी लाल दिवा लुकलुकला. तेव्हा आनंदाआधी मला संताप आला. एवढंच? एवढ्यासाठी मला मागे बसवलं? अहो, समोर बसून कुणी दाखवलं असतं तर एका दुपारी जमलं असतं!

आता मी शिकवते. घराच्या पुढच्या खोलीत, तसलीच स्वस्त किटं घेऊन. नवी मुलगी आली की पहिल्याच दिवशी तिच्या हातात कोरी चिप देते. तिने आपला प्रोग्रॅम आपल्या हाताने भरायचा. सोल्डरिंग नंतर. संगीता वसई पूर्वेच्या एका गाळ्यात दिवसभर बोर्डांना टाके मारते. तिने आपली मुलगी माझ्याकडे आणून बसवली.

मागच्या आठवड्यात सरांचा फोन आला. आवाज लोण्यासारखा. मोठी ऑर्डर आहे म्हणे. "तुझ्या मुलींकडून बोर्ड सोल्डर करून दे ना. तुम्हा लोकांचे हात..."

मी मध्येच तोडलं. "सर, सुकट हवी असेल तर बाजारात मिळते. हात मिळणार नाहीत."

फोन ठेवला. त्यांचं मागचं टेबल अजून तिथेच आहे. राजोडीच्या, फुलपाड्याच्या कोणकोणत्या मुली त्यावर मान खाली घालून बसतात, मला नावानिशी माहीत आहे. त्यांच्या घरी जायला मी सुरुवात केली आहे. एकेकीला तिथून उठवून आणणार. ते टेबल रिकामं झाल्याशिवाय मी थांबत नाही.