गुळवेलीतली बुरशी

पिरंगुटच्या बसथांब्यावर एकदाच भेटलेले ते संशोधक मला लगेच आवडले, कारण त्यांच्या प्रत्येक पिशवीवर चिठ्ठी होती. पिशव्यांत मुळशीच्या रानातली गुळवेल होती.

"खरं औषध वेलीच्या आत राहणाऱ्या बुरशीत असतं," ते चष्मा पुसत म्हणाले. "आज ही वेल ताजी प्रयोगशाळेत पोचली नाही, तर वर्षाचं काम बुडालं."

चष्मा पुसून होईतो शेजारच्या मावशींच्या शेळीने सगळी गुळवेल फस्त केली.

"अहो, त्यात माझी बुरशी होती!"

"बुरशी?" मावशी भडकल्या. "माजी शेळी गाभण हाय, सायेब! तिला काय झालं म्हंजी?"

ते चष्मा लावून शेळीकडे वाकले. मग अदबीने म्हणाले, "मावशी, हिच्या लेंड्या मिळतील का?"

बस आली. ते चढलेच नाहीत. नवी चिठ्ठी लावलेली पिशवी उघडी धरून शेळीच्या मागे उभे राहिले.