फणस शिजेपर्यंत

आमच्या गावच्या सभेत हात वर करून मतं मोजत नाहीत. निर्णय एकमुखाने व्हायचा असतो, आणि तो कधी झाला हे ठरतं जेवणावरून. चटयांवर थाळ्या मांडल्या की बोलणं बंद. गरम भातासमोर वाद घालणं आम्हा जावा बेटावरच्या लोकांना जमत नाही. जे बोलायचं राहिलं ते पुढच्या वर्षी.

हे जेवण तुगिनेम रांधायची. डोंगरावरच्या वरच्या वाडीत ती जन्मली, तिथेच तिला दिली, आणि तिथेच ती विधवा झाली. सभेचा स्वयंपाक सासूकडून तिच्याकडे आला, दागिने आले नाहीत. हात मोठे, तोंड त्याहून मोठं. मी तिची मैत्रीण नव्हे. तिचा मुलगा माझ्या वर्गात होता. तो गणितात कच्चा आहे असं मी सांगितलं, तर बाई वर्षभर माझ्याशी बोलली नाही.

आमचे लुराह, म्हणजे सरपंच, वार्सितो. जेवणाचा हा रिवाज त्यांच्याइतका कोणी ओळखला नव्हता. कोणी अडचणीचा प्रश्न काढला की ते मागच्या बांबूच्या कुडाकडे, चुलीच्या बाजूला, मान वळवत आणि गोड आवाजात विचारत, "यू तुगिनेम, भात झाला का?" यू म्हणजे ताई. ताई लगेच थाळ्या पाठवी, आणि प्रश्न विचारणाऱ्याच्या तोंडात घास जाई. "स्वयंपाकिणीने गरम वाढावं, बाकी मला काय कळतं," असं ती म्हणायची. मला हे कधीच पटलं नाही. कळत सगळं होतं, तिचं काही अडत नव्हतं इतकंच.

मग अडलं. वरच्या वाडीला नळ नाही, झऱ्यावरून पाणी चढवावं लागतं. तिचे गुडघे गेले. शेजारणी एखादी घागर आणून देत, पण रोज कोण देणार? दूर बेकासी शहरात कारखान्यात असलेल्या मुलाने बजावलं, "ईद झाली की घराला कुलूप लावायचं आणि माझ्याकडे यायचं." ती एकदा जाऊन आली होती. "तिथे कोंबडीसुद्धा ओळख देत नाही," म्हणाली. नळ आला तर ती राहणार होती, नाही तर जाणार. दुसरी वाट नव्हती.

त्या वर्षी निधीत एकच काम बसत होतं. लुराहांना वेशीवर कमान हवी होती, वर दोन गरुड आणि दिव्यांची माळ. वरच्या वाडीच्या पाइपचा विषय बायकांनी दिलेला, म्हणून यादीत शेवटचा. तो मी मांडला.

"बू मार्तिनी, पाइपचं पुढच्या वर्षी बघू ना," लुराह मला म्हणाले. शाळेतल्या बाईंना आमच्याकडे बू म्हणतात. "वर घरं ती किती! यू तुगिनेम, भात झाला का?"

कुडामागून आवाज आला, "भात झालाय. फणस कच्चाय."

सगळ्यांच्या माना कुडाकडे वळल्या. थाळ्या येईनात म्हणजे सभा चालूच, म्हणून मी पुन्हा पाइपवर बोलले. वरच्या वाडीचे दोघे बोलले. लुराहांनी कमानीचं चित्र फिरवलं. मग पुन्हा विचारलं, "यू, आता तरी?"

"कच्चाच आहे."

नारळाच्या दुधात गूळ घालून शिजवलेल्या फणसाचा वास एव्हाना सगळ्या मंडपात भरला होता. तो शिजलाय हे लहान पोरानेही सांगितलं असतं. पण आत जाऊन झाकण उघडायचं कोणी? बाईच्या चुलीत पुरुषाने डोकावायचं नसतं.

गावातले सर्वांत म्हातारे क्रोमो आजोबा पोट चोळत म्हणाले, "फणस आहे का सागाचा ओंडका? तुगिनेम, अगं, काय झालं म्हणजे शिजेल तो?"

"ते तुम्ही बसलाय तिथे ठरेल, आजोबा. माझ्या हातात नुसता डाव आहे."

लोक हसले. लुराह हसले नाहीत. "हे काय सभेचं बोलणं झालं?" ते म्हणाले.

"मी सभेत कुठे आहे?" ती आतून म्हणाली. "मी चुलीपाशी आहे."

क्रोमो आजोबांनी हात झटकले. "वार्सितो, तुझे गरुड काही भुकेने मरत नाहीत. आम्ही मरू. द्या त्या वाडीला पाणी." आधी दोघाचौघांनी, मग सगळ्यांनी "मान्य" म्हटलं. लुराहांनीही म्हटलं, एकट्याने वेगळं राहणं त्यांना शोभलं नसतं. थाळ्या आल्या. फणस तळाशी करपला होता. सगळ्यांनी खाल्ला.

हे बरोबर झालं असं मी म्हणत नाही. माणसांना उपाशी ठेवून घेतलेल्या संमतीला संमती म्हणावं का, हा प्रश्न उरतोच. लुराह वर्षानुवर्षं खाऊ घालून घेत होते, तीही तसलीच.

पुढच्या सभेला लुराहांनी तालुक्याहून जेवणाचे डबे मागवले. "बायकांना त्रास नको." डबे लोक आत येतानाच दारात वाटले. त्यामुळे सभा कशाने संपवायची हेच कोणाला कळेना. लोक बोलतच राहिले. लुराहांनी दोनदा कुडाकडे पाहिलं. मागे चूल थंड होती.

रांधायचं काम गेलेली तुगिनेम पहिल्याच चटईवर बसली होती. पाइप वाडीपर्यंत आला होता, पण नळ मशिदीच्या अंगणात बसवायचं घाटत होतं, तिच्या घरापासून बराच वर. तिने तोंड उघडलं ते दुपारच्या अजानपर्यंत मिटलं नाही. नळ अखेर दोन्हींच्या मधे बसला. एवढं चालणं तिच्या गुडघ्यांना झेपतं, पण तिला ते मान्य नाही. ती बेकासीला गेली नाही; दर सभेला येते आणि नळ खाली आणा म्हणून भांडते.