दादाला धार जमत नव्हती

माझा थोरला भाऊ सुधीर हाताने बावळट, हे आमच्या घरात जाहीर होतं. खिळा ठोकायला घेतला की पहिला घाव स्वतःच्या अंगठ्यावर. आयुष्य पोस्टात गेलं, तिथे शिक्का तेवढा सरळ मारायचा. अशा माणसाने साठी उलटल्यावर उघड्या पात्याचा वस्तरा घेऊन धार लावायला शिकावं, म्हणजे विकतचं दुखणं.

पण वस्तरा स्वानंदचा होता. स्वानंद दादाचा एकुलता एक मुलगा. नोकरी कॉम्प्युटरची आणि नाद असले. मुंबईच्या जुन्या बाजारातून त्याने गंजलेला वस्तरा उचलून आणला होता. घासून चकचकीत केला, धारेचा दगड मागवला, कातडी पट्टा मागवला. व्हिडिओ बघून रोज धार लावायला बसायचा. ती पुरी व्हायच्या आत तापाचं निमित्त झालं आणि आठवड्यात पोरगा गेला. दहाव्याला गुरुजी म्हणाले, धाकट्याच्या मागे मोठ्याने क्षौर करायचं नसतं. दादाने मान हलवली आणि दाढी वाढू दिली. सुतक फिटलं तरी तशीच.

सुमतीवहिनी तर आडवी पडली ती पडलीच. शाळेत मराठी शिकवायची, पंचवीस मुलांना एका नजरेत गप्प करणारी बाई. ती भिंतीकडे तोंड करून पडून राहायला लागली. मी डोंबिवलीहून बाळकुमला त्यांच्याकडे जायचो तेव्हा ताटातला भात तसाच दिसायचा. मी रागावलो, समजावलं, पालथ्या घड्यावर पाणी.

मग एके दिवशी तिचाच फोन. खालच्या आवाजात.

"भावजी, जमलं तर येऊन जा. हे वस्तरा घेऊन बसलेत."

गेलो. बाल्कनीत दादा दगडावर पाणी शिंपडून वस्तरा ओढत होता आणि समोर पाटावर वहिनी बसली होती. केस विंचरलेले नव्हते, पण बसली होती.

"हे काय नवीन, दादा?"

"पोराचं अर्धं राहिलंय. पुरं झालं की त्याच वस्तऱ्याने दाढी करीन."

वहिनी मला दारापर्यंत सोडायला आली. मी म्हटलं, लपवून टाकू का? वस्तरा माझ्या घरी नेतो.

"नको. तो नेलात तर दुसरं काही शोधतील. डोळ्यांसमोर आहे तो बरा." मग थांबून म्हणाली, "मी बसते ना समोर."

पुढे हेच रोजचं झालं. दुपारचा चहा झाला की दादा वस्तरा काढायचा आणि वहिनी उठून पाटावर येऊन बसायची. नुसतं काय बसायचं म्हणून भाजी निवडायला घेतली. निवडलेली भाजी कोण करणार म्हणून करायला लागली. केली तर दोन घास खाऊ लागली. दादाची प्रगती मात्र शून्य. दगडावर पातं धारेकडून पुढे न्यायचं आणि कातड्यावर पाठीकडून, एवढं साधं गणित. याने उलटं करून पट्ट्याचा तुकडाच उडवला. मी चिडवायचो, एवढ्या दिवसांत लोक ट्रक चालवायला शिकतात रे. तो दाढीतल्या दाढीत हसायचा.

दिवाळीनंतर वहिनी परत शाळेत जाणार असं कळलं. मला हायसं वाटलं आणि धाकधूकही.

"दादा दुपारी एकटा असेल," मी म्हटलं.

"आता भीती नाही वाटत, भावजी. त्यांना धार जमत नाही. जमायचीही नाही." तिने आवाज खाली आणला. "ते वस्तरा ठेवून वळले की मी टोमॅटोवर लावून बघते. साल चिरत नाही, नुसती दबते."

आमच्या वहिनीच्या हसण्यासारखं काहीतरी मी कितीतरी दिवसांनी पाहिलं.

ती रुजू झाली त्या दिवशी दुपारी मी गेलोच. दादा बाल्कनीत होता. समोरचा पाट रिकामा. मला बघून त्याने डाव्या मनगटावरून वस्तरा अलगद फिरवला. केस उडाले. त्वचेला ओरखडासुद्धा नाही.

"जमली की रे," मी म्हटलं.

"केव्हाच जमली. दुसऱ्या आठवड्यात."

मला कळेना. त्याने काचेचा पेला उचलून दाखवला. रोज उठायच्या आधी, वहिनी निवडलेली भाजी ठेवायला आत गेली की तो पात्याची धार पेल्याच्या कडेवर एकदा ओढायचा. एकाच ओढीत मोडते म्हणाला. दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून.

"पात्याला एकदा टोमॅटोच्या देठाचा हिरवा तुकडा चिकटलेला सापडला. तेव्हा कळलं ती समोर का बसते. ज्या दिवशी धार लागली असती, त्या दिवशी दाढी झाली असती, वस्तरा कपाटात गेला असता आणि ती परत भिंतीकडे तोंड करून पडली असती. माझ्या जिवाची भीती वाटत होती तोवर तरी ती उठत होती."

दादाचा मला अभिमान वाटला, आणि इतके दिवस त्याला नावं ठेवल्याची लाजही. मी म्हटलं, "मग झालं की. वहिनी उभी राहिली. कर आता दाढी आणि दे फेकून तो वस्तरा."

तो पात्याकडे बघत राहिला. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "ती घाबरायची, ते खोटं नव्हतं, महेंद्र."

खाली सोसायटीत कुणीतरी गाडी धूत होतं.

"ती समोर असली की नाही यायचं मनात. आज काचेवर ओढायचं होतं. हात होईना." त्याने वस्तरा मिटून माझ्या हातात दिला. "शाळा साडेपाचला सुटते. तोवर बसशील का रे?"

मी वस्तरा खिशात टाकला आणि पाटावर बसलो.